मगदूम सरांचा पाळणा

मगदूम सर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढून आत येत, बसत आणि पाणी मागत. घरातली बाई तांब्या-भांडं घेऊन आली की म्हणत, "भांड्यात नको, बशीत द्या." मग ती काठोकाठ भरलेली बशी समोर जमिनीवर ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून ते तिच्यात बघत राहत. शेवटी ते मान वर करून निकाल देत, "घर बरं हाय. पण मागच्या अंगाला पिठाची गिरण हाय काय?" गिरण असायचीच.

आमच्या घरी आले तेव्हा माझ्या सासूबाईंना ते बाहेरची बाधा बघणारे कुणीतरी वाटले. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन बशीत चिमूटभर कुंकू टाकलं आणि हात जोडले. सर म्हणाले, "असू दे. कुंकू तरंगतंय, त्यानं लाट आणि झकास दिसती." सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा ऐकून घेतला नाही. मी मात्र त्यांच्याबद्दल बरेच वावगे शब्द बोलले आहे, तोंडावर बोलले आहे, आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहेत. सर जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं तर खरं लिहावं, नाहीतर ते वरून विचारतील, "अक्का, आकडा गोल का केला?"

ते आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. गाव नेसरीकडचं, घर गडहिंग्लजला. वर्गात इंग्रजी पुस्तकातलं इंग्रजी, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की गावाकडची बोली. तिच्यात ते कधी सुधारणा होऊ देत नसत. मी त्यांच्याहून एक पिढी लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला अक्काच म्हटलं. मी म्हणाले, "सर, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे." तर म्हणाले, "आमच्याकडं अक्का म्हणायला वयाचा संबंध न्हाय, धाकाचा हाय." मला नोकरीला लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. धाक कुठून आला कळलं नाही, पण पुढे तो उपयोगी पडला.

मी लागले ती एका खास कामासाठी. सत्तरीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. बंगलोरच्या एका सरकारी संस्थेत उपग्रहावर बसवायच्या कॅमेऱ्याचं काम चाललं होतं, आणि त्यातला एक बारकासा तुकडा सरांनी खटपट करून कोल्हापुरात आणला होता. त्या कामाच्या पैशातून माझा पगार निघे. काम काय, ते सरांनी मला पहिल्या दिवशी असं समजावलं :

"उपग्रहात चाकं असत्यात. ती गरागरा फिरत्यात, त्यानं उपग्रहाचं तोंड नीट जिकडं पायजे तिकडं ऱ्हातंय. पण चाक म्हटलं की थरथर आलीच. ती थरथर कॅमेऱ्याला लागली की संपलं. फोटो काढायचा शेताच्या बांधाचा, आणि सगळं शिवार ओल्या फडक्यानं पुसल्यागत यायचं."

"मग फोटो काढताना चाकं बंद करायची," मी म्हणाले.

"मग उपग्रह लोळतोय. चाकं पायजेत, थरथर न्हाय पायजे. सासूचे दागिने पायजेत, सासू न्हाय पायजे, तसं."

हे त्यांनी माझ्या सासूबाईंना भेटायच्या आधी म्हटलेलं आहे, हे मुद्दाम नोंदवते.

थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून सरांनी जे केलं होतं त्याला ते पाळणा म्हणत. बाहेर ॲल्युमिनियमचं एक भक्कम कडं, आत दुसरं हलकं कडं, आणि दोघांच्या मध्ये आमच्याच मागच्या गल्लीतल्या कारखान्यात वळून घेतलेल्या मऊ स्प्रिंगा. रॉकेट वर जाताना पाळणा खिट्ट्या लावून बांधून ठेवायचा, वर पोचला की खिट्ट्या सोडायच्या, अशी कल्पना होती. कॅमेरा अर्थातच आमच्याकडे नव्हता. त्याच्या वजनाचा बिडाचा ठोकळा आतल्या कड्यात बसवला होता आणि ठोकळ्याला नखाएवढा आरसा चिकटवला होता. आरशावर दिव्याचा झोत टाकायचा, त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर पडायचा. ठोकळा केसभर हलला तरी कवडसा बोटभर सरकायचा. पट्टीसमोर स्टुलावर बसून कवडशाकडे बघणं ही माझी नोकरी. माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं तर तो सांगे, "ती उपग्रहाचं काम करते." मी घरी आले की तो विचारे, "आज हलला का?"

"घर हलू दे, दार हलू दे," सर म्हणत, "पोरगं झोपलं पायजे." जगातले सगळे पाळणे हलवायला केलेले असतात, न हलवायला केलेला हा एकटाच, असं मी एकदा म्हणाले तर त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

न हलणं तपासायला आमच्या प्रयोगशाळेइतकी वाईट, म्हणजे सरांच्या मते चांगली, जागा नव्हती. पलीकडच्या गल्लीत लोखंड ठोकायचा यांत्रिक घण होता. पुढच्या रस्त्यावरून उसाचे ट्रक जात. पाळणा ज्या कडप्प्यावर ठेवला होता तो कडप्पा एका बाजूने मागच्या भिंतीतच बसवलेला होता, त्यामुळे भिंतीला जे कळे ते कडप्प्याला कळे. घण पडला की कपाटातल्या बाटल्या किणकिणत, आणि कवडसा जागच्या जागी. ट्रक गेला की खिडकीची काच खडखडे, कवडसा जागच्या जागी. तेवढ्यानं सरांचं समाधान होईना. त्यांनी मला कडप्प्याजवळ उड्या मारायला सांगितलं.

"मी एम.एस्सी. उड्या मारायला केलेलं नाही," मी म्हणाले.

"व्हय, ते बी खरंच," म्हणून त्यांनी धोतराचा सोगा खोचला, आणि पन्नाशी उलटून गेलेला तो माणूस प्रयोगशाळेत उड्या मारू लागला. "हललं काय?" "नाही." "आता?" "नाही सर. पुरे करा, खाली वर्ग चालू आहे."

हे सगळं दिवसा. संध्याकाळ व्हायला लागली की मात्र पाळण्याला काहीतरी होई. कवडसा आधी इकडे थोडा, तिकडे थोडा असा डुलायला लागे. मग डुलणं वाढत जाई आणि बघता बघता तो पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली. थोड्या वेळाने आपोआप निवे. बशीतल्या पाण्यावर मात्र नजरेला येण्यासारखं काही नसे. जो पाळणा यांत्रिक घणाला दाद देत नव्हता, तो कुणाला एवढा घाबरत होता ते कळेना.

सर बशी घेऊन निघाले. शेजारच्या तालमीत जाऊन पैलवानांना विचारून आले, तुमच्या बैठका कधी असतात. पहाटे, असं कळलं. पाण्याच्या टाकीचा पंप कधी लागतो ते विचारून आले. कारखान्याच्या मालकाला म्हणाले, संध्याकाळी तुमच्याकडं हळू काय चालतंय? मालक म्हणाला, "आमच्याकडं हळू म्हणजे हिशेब. बाकी सगळं जोरात." सरांची झोप उडाली. दुसऱ्याची थरथर घालवता घालवता त्यांनाच थरथर सुटेल असं मला वाटायला लागलं.

शेवटी मी एकदा कवडसा डुलत असतानाच चहाचा चोथा टाकायला मागचं दार उघडून बाहेर गेले, आणि मला पाळण्याचा शत्रू दिसला. तो काळा होता, चकचकीत होता आणि आमच्या भिंतीच्या कोपऱ्यावर आपली पाठ घासत होता.

ती सदू गवळ्याची म्हैस. नाव बिजली. हे नाव तिला कुणी आणि काय बघून दिलं असेल, देवाला माहीत. चालताना पुढचा पाय टाकला की मागच्याचा विचार करायला ती थांबत असे. सदूमामा रोज संध्याकाळी तिला चौकातल्या कट्ट्यावर नेत. तिथे गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहणार आणि त्याच्या समोर धार काढून फेसाळ दूध त्याच्या हातात देणार. कट्ट्यावर जायची त्यांची वाट आमच्या मागच्या बोळातून होती.

"मामा, म्हैस बाजूला घ्या," मी म्हणाले.

"का? भिंत खाती व्हय?"

"भिंत हलतेय."

सदूमामांनी भिंतीकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, सकाळपास्नं घण पडतोय मागं. त्यानं न्हाय हालली, आणि माझ्या म्हशीच्या पाठीनं हालली?"

"हो."

"मग कडू भिंत हाय. पाडा." वर त्यांनी समजुतीचा सूर लावला. "हे बघा, हितं अंग घासल्याबिगार ती पान्हा सोडत न्हाय. लई दिसांची सवय हाय तिची. कट्ट्यावर माणसं पेलं घेऊन हुभी असत्यात, त्यानला काय सांगू? कॉलेजच्या बाई न्हाय म्हणत्यात म्हणून?"

एवढ्यात सर बाहेर आले. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. सरांनी भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले आणि म्हशीबरोबर मान डोलवायला लागले. मग आत पळत गेले, ठोकळ्याला बोटाने हलकेच ढकलून त्याचं डुलणं मोजलं, पुन्हा बाहेर आले, पुन्हा भिंतीला हात लावला. त्यांचा चेहरा लग्न ठरलेल्या माणसासारखा झाला.

"अक्का, एकच चाल हाय. पाळण्याची जी चाल, तीच हिची चाल. झोक्याला त्याच्या चालीनं ढकलत ऱ्हायलं की बारकं पोरगंबी मोठ्या माणसाला आभाळाला लावतंय. घण लई भराभरा हालवतोय, ते स्प्रिंगा गिळत्यात. ही पाळण्याच्याच चालीनं हालवती."

सदूमामांना एवढंच कळलं की म्हशीचं कौतुक चाललं आहे. ते म्हणाले, "दुधाला बी चांगली हाय."

आता माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. मी दुसऱ्याच दिवशी बोळाच्या तोंडाशी बाभळीचा खरबरीत खांब पुरून घेतला. बिजलीने तो हुंगला आणि सावकाश चालत आमच्या भिंतीकडे आली. मग मी सरळ सुचवलं, की बंगलोरचे पाहुणे तपासणीला येऊन जाईपर्यंत सदूमामांनी म्हैस दुसऱ्या गल्लीने न्यावी.

"आणि वर?" सर म्हणाले.

"वर म्हशी नसतात."

"असत्यात. उपग्रहाला पंख असत्यात, उन्हावर वीज करायचे. लांबलचक, पातळ. ते बी असेच हळूहळू डुलत्यात. ती म्हैसच की. आणि वर सदू न्हाय हाकलायला."

इथे थोडं सरांच्या मनातलं सांगायला हवं, कारण ते स्वतः कधी सांगत नसत. बंगलोरहून येणारे डॉ. शेणॉय पाळणा बघून ठरवणार होते, की तो पुढच्या चाचण्यांना आणि मग वर जायच्या रांगेत लागेल की नाही. सर येत्या वर्षात निवृत्त होणार होते, म्हणजे पुन्हा संधी नव्हती. आयुष्यभर त्यांनी मुलांकडून तेच ते प्रयोग करून घेतले होते. एकदाच, वर्गातल्या प्रयोगाचा आरसा पुसता पुसता ते म्हणाले, "अक्का, एक तरी वस्तू अशी पायजे, जी पोरांनी वापरून परत कपाटात ठिवली न्हाय." तेवढंच. मग आरसा कपाटात ठेवून दिला.

म्हशीवर उपाय त्यांना माहीत होता. पाळण्याखाली एक पातं लोंबकळत सोडायचं आणि ते दाट पातळ पदार्थात बुडवून ठेवायचं, म्हणजे डुलणं वाढायच्या आतच चिकटून बसतं. त्यासाठी हवं असलेलं तेल परदेशातून मागवावं लागे आणि ते येईपर्यंत सर निवृत्त झाले असते. एरंडेल लावून पाहिलं, पातळ पडलं. वंगण लावलं, पातं घट्टच झालं. मग सर सुट्टीत गावाकडच्या गुऱ्हाळावर गेले आणि किटलीभर काकवी घेऊन आले.

गुळाला येण्याआधीचा तो उसाचा पाक डब्यात ओतून आम्ही पातं बुडवलं. संध्याकाळी बिजलीने पाठ घासली. कवडसा एकदा हलला, दोनदा हलला आणि मुकाट्याने जागेवर बसला. सरांनी आनंद व्यक्त केला तो असा, की उरलेल्या काकवीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "यंदा ऊस गोड हाय."

सकाळी मी दिवा लावला तर कवडशात बारीक बारीक काळे ठिपके एका ओळीत चालले होते. सर चष्मा लावून पट्टीला नाक लावून उभे राहिले. "हे कसलं कंपन म्हणायचं?"

"मुंग्या," मी म्हणाले. "आरशावरून काकवीला चालल्या आहेत."

स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. मी तसाच पाळणा कडप्प्यावर चार लोखंडी पायांवर उचलून घेतला आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी दिली. मुंग्या बंद झाल्या. सरांना एकदम चार बश्या मिळाल्यासारखं झालं, ते दिवसभर वाट्यांत बघत बसले.

आणि मग डॉ. शेणॉय आले. उंच, शांत गृहस्थ. घरी कोंकणी बोलणारे, त्यामुळे मराठी समजायचं, आणि सरांना सीमेकडची कन्नड येई म्हणून त्यांच्याशी ते कन्नडमध्ये सुरू झाले ते थांबेचनात. ते येण्याआधी सरांनी काकवीचा डबा काढून बाजूला ठेवला. "काकवी वर न्हेता येत न्हाय. जे वर जाणार ते दाखवायचं," म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही, कारण पाहुणे दुपारीच परत जाणार होते आणि बिजली संध्याकाळची होती.

दुपारभर पाळण्याने नाव काढलं. घण पडला, ट्रक गेले, सरांनी धोतर खोचून उड्या मारल्या. कवडसा पट्टीला चिकटवल्यासारखा. डॉ. शेणॉय खूश झाले. म्हणाले, "मगदूम, मी शिफारस करतो. हा आहे तसा पुढे जाऊ द्या." त्यांनी कोट चढवला. मी दिवा मालवायला हात पुढे केला.

"थांबा की जरा," सर म्हणाले, "अजून म्हैस यायची हाय."

मी म्हणाले, "सर, साहेबांची गाडी चुकेल."

"चुकू दे. रात्री दुसरी हाय."

"सर." हा माझा धाकाचा सूर होता. तो एरवी लागू पडत असे.

"अक्का, पावण्यांना भडंग द्या," ते म्हणाले. डॉ. शेणॉय भडंग खात बसले. त्यांना वाटलं, म्हैस हा कोल्हापूरच्या पाहुणचारातला काहीतरी प्रकार असावा, दूध वगैरे.

आता सरांनी सदूमामांना आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, उद्या बंगलोरचं पावणं तुझ्या म्हशीला बघायला येणार, चुकवू नको. सदूमामांनी ते गल्लीत सांगितलं. आपली म्हैस सरकारी कामाला लागली आहे अशी बातमी कट्ट्यापर्यंत गेली. त्यामुळे संध्याकाळी बोळात बिजली आली ती ओळखू येईना. तिला नारळाच्या शेंडीने घासून आंघोळ घातलेली. अंगाला तेल चोपडलेलं. शिंगं लाल रंगवलेली, गळ्यात नवी मण्यांची माळ. सदूमामा स्वतः पटका बांधून.

सर दाराशी, डॉ. शेणॉय खिडकीशी, मी पट्टीसमोर. बिजली भिंतीजवळ आली आणि उभी राहिली. सगळे थांबले. तिने शेपटी हलवली. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"घासत का न्हाय?" सरांनी विचारलं.

"खाजलं तर घासंल की," सदूमामा म्हणाले. "सकाळपास्नं दोनदा घासूनपुसून काढलीया. अंगावर खाज ठिवलीच न्हाय मी. पावण्यांम्होरं बरं दिसतंय काय, म्हैस अंग खाजवतीया?"

"अरे, त्येच दाखवायचं होतं."

"मग सांगायचं न्हवं मास्तर. मी म्हटलं, रूप बघायला येत्यात."

डॉ. शेणॉय घड्याळाकडे बघायला लागले. मला मनातून फार बरं वाटत होतं. माझा पगार, सरांचा पाळणा, सगळं त्या तेल चोपडलेल्या म्हशीने वाचवलं होतं. आणि तेवढ्यात खिडकीतून मला दिसलं, की सरांनी उपरणं काढून सदूमामांच्या हातात दिलं, ते भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभे राहिले आणि घासायला लागले.

"अक्का, हललं काय?"

"नाही, सर."

"आता?"

"नाही. आत या तुम्ही."

"वजन कमी पडतंय. सदू, ये हिकडं." सदूमामांनी म्हैस सोडली आणि पटका सावरत तेही भिंतीला लागले. पण दोघांची चाल जमेना. सर पुढे तेव्हा सदूमामा मागे. "तिच्यावानी घास रं, तुझ्यावानी न्हाय," सर म्हणाले. हे बघून डॉ. शेणॉय यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी कोट काढून खिडकीच्या गजाला लावला, बाहेर गेले, दोघांच्या शेजारी भिंतीला पाठ लावली आणि कन्नडमध्ये एक-दोनचा ताल धरला, "ओंदु, एरडु. ओंदु, एरडु." तिघं एका चालीत घासायला लागले. बिजली बाजूला उभी राहून बघत होती.

पेले आणि बरण्या घेऊन कट्ट्याकडे निघालेली माणसं बोळाच्या तोंडाशी थबकली. कुणीतरी विचारलं, "काय वो, सगळ्यास्नीच खाज सुटलीया काय?"

"सरकारी काम हाय, म्होरं व्हा," सदूमामा घासता घासता म्हणाले.

आत कवडसा हलला. आधी थोडा, मग जास्त, मग पट्टीच्या या टोकाला, त्या टोकाला, मग पट्टी सोडून थेट कपाटावर. खोलीत मी एकटी होते. नाही हलला, असं म्हटलं असतं तर बाहेर कुणाला कळणार नव्हतं. तसं म्हणावं असं मनात आलं नाही असं नाही. पण मी बाहेर बघितलं. ती तीन माणसं, मी हो म्हणेपर्यंत, पाठी सोलून निघाल्या तरी थांबणार नव्हती. त्यातला एक तर नक्कीच नाही.

"हलला," मी म्हणाले. "पट्टीच्या बाहेर गेला."

"बघा," सर डॉ. शेणॉयना म्हणाले. इतक्या समाधानानं मी कुणाला आपलंच काम बिघडवताना पाहिलं नाही.

मग काकवीचा डबा परत लावला, पुन्हा तिघांनी पाठी घासल्या, कवडसा दोन हेलकाव्यांत गप्प झाला. डॉ. शेणॉयनी डब्यात बोट बुडवून चाटलं. शेवटी म्हणाले, की आहे तसा पाळणा आता पाठवता येणार नाही. काकवीचं काम करील असं खास रबर बनवावं लागेल, आणि ते बंगलोरलाच होईल. पाळणा ते बरोबर नेतील. पुढचं काम तिथेच.

म्हणजे कोल्हापुरातलं काम संपलं, हे मला आणि सरांना एकाच वेळी कळलं. सर म्हणाले, "आमच्याकडं ऊस हाय, तुमच्याकडं रबर असंल. बघा." आणि पाळणा बांधायला पेंढा आणायला गेले. स्टेशनवर रिक्षातून जाताना त्यांनी खोकं मांडीवर घेतलं आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार केला. रिक्षावाला म्हणाला, "काय अंडी हायत काय?" सर म्हणाले, "पाळणा हाय." त्यानं वळून सरांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि खरंच हळू चालवली.

माझी जागा गेली. मी थोडे दिवस सरांशी बोलले नाही, मग एका शाळेत लागले आणि बोलायला लागले. सर निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेले. पाळण्याचं पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. बंगलोरला नोकरीला लागलेला आमचा एक विद्यार्थी मात्र सुट्टीत भेटला तेव्हा हसत सांगत होता, की तिथे कॅमेऱ्याखाली नवीन काही बसवलं की जुनी माणसं विचारतात, "म्हैस झाली का?" का म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण त्याला एस्टी गाठायची होती आणि गोष्ट मोठी आहे.

ऐंशीच्या दशकात पुढे कधीतरी वर्तमानपत्रात आपल्या उपग्रहाने वरून काढलेला फोटो आला. नदी, शेतं, बांध. मी तो अंक पिशवीत घातला आणि गडहिंग्लजची गाडी पकडली. सर आजारी असल्याचं ऐकून होते. बघितलं तर त्यांच्या हातांना कंप सुटला होता. चहाचा कप धरला की चहा बशीत आणि बशी खणखण वाजायची.

"बशी हलतेय सर," मी म्हणाले.

"बशी चांगली हाय. मी हलतोय," ते म्हणाले. "सगळ्या जगाला पाळणा बांधत बसलो अक्का, सोतासाठी एक करायचा ऱ्हायला."

मी अंक त्यांच्या हातात दिला. तो इतका थरथरायला लागला की मलाच काही दिसेना. मग मी तो काढून घेतला, त्यांच्यासमोर जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सर गुडघ्यांवर हात टेकून वाकले, भिंग लावलं आणि बघत राहिले. एक कडा त्यांनी बराच वेळ तपासली.

"तिथे अस्पष्ट आहे थोडं," मी म्हणाले.

"ती छापखान्यातली शाई फिसकटलीया. वरनं नीट आलंय." भिंग एका बांधावरून हळूहळू पुढे गेलं. "बांध बघा की. सरळ. दोऱ्यावानी." मग ते मागे टेकले. "म्हैस न्हाय यात."

तो पाळणा त्यांचा होता का, दुसऱ्याच कुणाचा, की पाळणाच नव्हता, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी विचारलं नाही.

माझ्या परतीच्या गाडीची वेळ व्हायला आली होती. मी उठले आणि अंकावरच्या वाट्या उचलायला खाली वाकले.

"ऱ्हाऊ दे तितंच, अक्का," सर म्हणाले. "हालवू नका."